टिचकी मारल्यावर काय होते?

पावसाळ्यातला रविवार आहे. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानांपुढे पर्यटकांची झुंबड उडाली आहे. अशाच एका दुकानात बिले करण्यासाठी संगणक ठेवला आहे आणि त्याची आज्ञावली तुम्ही लिहिली आहे, अशी कल्पना करा. दुकान तुमच्या काकांचे. पडद्यावर तुम्ही सुबक बटणे काढली आहेत : शेंगदाणा, तीळ, राजगिरा, काजू आणि सर्वांत खाली ‘बिल छापा’. घरी तुम्ही ती दहादा तपासली होती. सारे काही ठीक चालले होते.

दुकानात मात्र वेगळेच घडले. काकांनी ‘बिल छापा’वर टिचकी मारली. छपाईयंत्र बराच वेळ स्वस्थ बसले होते. त्याला जागे व्हायला सात-आठ सेकंद लागले. पडदा जसाच्या तसा. समोर गिऱ्हाईक घाई करत होते. काकांनी आणखी दोन टिचक्या मारल्या. थोड्या वेळाने छपाईयंत्र खडखडू लागले आणि एकामागून एक तीन बिले बाहेर पडली! नुसता कागद वाया गेला असता तर चालले असते. पण आज्ञावलीने मालही तीनदा वजा केला आणि रक्कमही तीनदा जमा धरली. रात्री गल्ला आणि हिशेब जुळेना.

चूक कोणाची? काकांची, छपाईयंत्राची, की तुमच्या आज्ञावलीची? याचे उत्तर देण्यापूर्वी एक टिचकी बोटापासून आज्ञावलीपर्यंत कशी जाते, ते आपण पाहू.

बोटापासून पडद्यापर्यंत

माउसची कळ दाबली की तिच्याखालचा लहानसा स्विच मिटतो. त्यातील धातूची पट्टी दुसऱ्या पट्टीवर आदळते आणि फरशीवर पडलेल्या ताटलीसारखी क्षणभर थरथरते. ही थरथर काही सहस्रांश सेकंदच टिकते. पण विजेच्या मंडलाला तेवढ्यात ‘मिटला, उघडला, मिटला, उघडला’ असे कितीतरी वेळा दिसते. प्रत्येक थरथर मोजली, तर एकदा दाबलेली कळ पाचदा दाबल्यासारखी होईल. म्हणून माउसमधील मंडल थरथर थांबू देते आणि सगळी मिळून एकच नोंद करते. जुना, झिजलेला माउस कधीकधी एका टिचकीच्या दोन करतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

यानंतर माउस संगणकाला कळवतो, ‘डावी कळ दाबलेली आहे.’ त्याबरोबर मागच्या वेळेपासून आपण आडवे किती सरकलो आणि उभे किती सरकलो, हेही सांगतो. नेहमीच्या वापरातला साधा माउस असा निरोप सेकंदाला सव्वाशे वेळा देऊ शकतो. यातली गंमत तुमच्या लक्षात आली का? पडद्यावरचा बाण कोठे आहे, हे माउसला ठाऊकच नसते! तो फक्त ‘एवढा सरकलो’ इतकेच सांगतो. बाणाची जागा ठेवण्याचे काम विंडोज किंवा लिनक्स यांसारखी संचालन प्रणाली करते.

संचालन प्रणाली मग एक टिपण तयार करते. वडगावच्या तहसील कचेरीतला एखादा छापील अर्ज डोळ्यांपुढे आणा. त्यात रकाने असतात. या टिपणातही तसेच रकाने असतात : काय घडले? डावी कळ दाबली गेली. कोठे? डावीकडून इतक्या आणि वरून इतक्या बिंदूंवर. केव्हा? अमुक क्षणी. अशा टिपणाला संगणकाच्या भाषेत ‘इव्हेंट’, म्हणजे घटना, म्हणतात.

आता हा अर्ज कोणाच्या टेबलावर ठेवायचा? पडद्यावर अनेक खिडक्या एकमेकींवर कागदांसारख्या पडलेल्या असतात. ज्या बिंदूवर बाण आहे, तेथे सर्वांत वर कोणती खिडकी आहे, हे संचालन प्रणाली शोधते आणि ते टिपण त्या खिडकीच्या आज्ञावलीच्या रांगेत शेवटी ठेवते. येथे तिचे काम संपले. त्या रांगेकडे लक्ष देणे ही ज्याच्या त्याच्या आज्ञावलीची जबाबदारी.

माउस हे साधन तसे फार जुने नाही. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये लाकडी खोक्याला दोन चाके लावून पहिला माउस बनवला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी तो लोकांपुढे चालवून दाखवला. पुढे १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ‘आल्टो’ हा खिडक्या आणि माउस असलेला संगणक तयार झाला आणि १९८४ च्या मॅकिंटॉशपासून ही पद्धत घरोघर पोचू लागली.

एक टिचकी, दोन घटना

आता एक लहानसा प्रयोग करा. पडद्यावरील कोणत्याही बटणावर बाण न्या. माउसची कळ दाबा; पण सोडू नका. बटण दबलेले दिसेल. आता कळ तशीच दाबून धरून बाण बटणाबाहेर सरकवा आणि मग सोडा. काय झाले? काहीच नाही! पुन्हा दाबा, बाहेर जा, परत आत या आणि सोडा. आता मात्र बटणाचे काम होते.

यावरून काय दिसते? आपण जिला एक टिचकी म्हणतो, तिच्यात खरे तर दोन घटना असतात : कळ दाबणे आणि कळ सोडणे. बटणाच्या आतच दाबली आणि आतच सोडली, तर ती टिचकी धरायची, असा नियम बहुतेक आज्ञावल्या पाळतात. हा नियम मोठ्या विचाराने ठरवलेला आहे. दाबल्यानंतर आणि सोडण्यापूर्वी माणसाला आपले मन बदलता येते. ‘अरेच्चा, हे बटण नव्हे!’ असे वाटले, तर बोट न उचलता बाजूला व्हायचे. सुटका होते.

दोन टिचक्यांची कथा आणखी मजेदार आहे. दोन टिचक्या लागोपाठ, ठरावीक वेळात आणि जवळजवळ एकाच जागी पडल्या, तर ती ‘दुहेरी टिचकी’ होते. विंडोजमध्ये ही मुदत मुळात अर्ध्या सेकंदाची ठेवलेली असते आणि ती बदलताही येते. पण पहिली टिचकी पडली, तेव्हा दुसरी येणार आहे हे संगणकाला कसे कळणार? कळत नाही. म्हणून तो पहिल्या टिचकीचे काम करून मोकळा होतो आणि दुसरी आली, तर दुहेरीचे काम करतो. त्यामुळे शहाणे आज्ञावलीकार या दोन कामांचा मेळ घालतात : पहिल्या टिचकीने फाइल निवडायची, दुहेरीने ती उघडायची. पहिल्या टिचकीने फाइल पुसायची आणि दुहेरीने उघडायची, असे कोणी ठरवले, तर काय अनर्थ होईल, याचा विचार तुम्हीच करा.

वाट पाहणारी आज्ञावली

शाळेत तुम्ही प्रथम लिहिलेल्या आज्ञावल्या आठवा. दोन संख्या घ्या, त्यांची बेरीज करा, उत्तर छापा, थांबा. पाककृतीसारख्या त्या वरून खाली चालतात. पुढे काय करायचे ते आज्ञावली ठरवते आणि माणूस तिच्या प्रश्नांना उत्तरे देतो.

बटणांच्या आज्ञावलीत हे नाते उलटे होते. गिऱ्हाईक आधी तीळ मागेल की राजगिरा, हे कोणी सांगावे? पुढे काय करायचे ते माणूस ठरवतो आणि आज्ञावली वाट पाहते. तिचा गाभा चारच ओळींचा असतो :

१. रांगेतील पुढचे टिपण घ्या. रांग रिकामी असेल, तर टिपण येईपर्यंत झोपा.
२. ते कोणत्या बटणासाठी आहे, ते शोधा.
३. त्या बटणाला नेमून दिलेले काम करा.
४. पुन्हा १ वर जा.

‘झोपा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘टिचकी आली का? आली का?’ असे सेकंदाला लाखो वेळा विचारत बसणारी आज्ञावलीही लिहिता येईल. पण ती संगणकाची सारी शक्ती नुसत्या विचारण्यातच खर्च करील. झोपलेल्या आज्ञावलीला टिपण आल्यावर संचालन प्रणाली उठवते. तोवर संगणक इतर कामांना मोकळा राहतो.

तिसऱ्या ओळीतील ‘नेमून दिलेले काम’ म्हणजे ‘हँडलर’, म्हणजेच हाताळणारा. प्रत्येक बटणासाठी तुम्ही एक छोटा हँडलर लिहिता आणि तो बटणाला जोडून ठेवता. येथे नवशिके हमखास फसतात. बटणाला हँडलरचे फक्त नाव द्यायचे असते. पायथॉन भाषेत त्या नावापुढे चुकून कंस टाकले, तर ते काम जोडताक्षणीच होऊन जाते आणि नंतर कितीही टिचक्या मारल्या, तरी काही घडत नाही. शेजाऱ्यांना ‘गरज पडली तर या नंबरावर फोन करा’ असे सांगून नंबर लिहून देणे वेगळे आणि तेथेच उभे राहून तो नंबर फिरवणे वेगळे!

तीन बिलांचे कोडे

आता काकांच्या दुकानात परत जाऊ. पहिली टिचकी आली. आज्ञावलीने टिपण उचलले आणि ‘बिल छापा’च्या हँडलरला बोलावले. हँडलर छपाईयंत्र जागे होण्याची वाट पाहत सात-आठ सेकंद अडकून पडला. तो परतत नाही, तोवर चौथी ओळ येत नाही आणि रांगेतले पुढचे टिपणही कोणी उचलत नाही. पडद्यावर नवे काही काढण्याचे निरोपही याच रांगेतून येतात. म्हणून पडदाही थिजला. बाण तेवढा फिरत होता. कारण तो संचालन प्रणालीच्या ताब्यात असतो. एखादी खिडकी पाच सेकंद आपल्या रांगेकडे फिरकली नाही, की विंडोज तिला ‘प्रतिसाद देत नाही’ असे समजू लागते.

मात्र रांग बंद झालेली नव्हती. काकांच्या पुढच्या दोन टिचक्या तिच्यात शिस्तीत उभ्या राहिल्या. पहिले बिल संपताच दुसरी उचलली गेली, मग तिसरी. आज्ञावलीने सांगितले तेच केले. काकांनीही चूक केली नाही. ज्याला उत्तर मिळत नाही, तो पुन्हा हाक मारणारच.

उपाय सोपा वाटतो. हँडलरच्या सुरुवातीला बटण बंद करायचे, बिल छापायचे आणि शेवटी बटण पुन्हा चालू करायचे. करून पाहा. तरीही बहुधा तीन बिले येतील! का बरे? काकांच्या दोन टिचक्या रांगेत उभ्या असताना बटण बंद होते, हे खरे. पण टिपण उचलले जाते तेव्हा बटण चालू आहे की बंद, हे पाहिले जाते. टिचकी मारली तेव्हा नव्हे. आणि उचलायची वेळ येईपर्यंत हँडलरने शेवटच्या ओळीत बटण चालू करून टाकलेले असते.

खरा उपाय असा. हँडलरने बटण बंद करावे, ‘छपाई चालू आहे’ असे पडद्यावर लिहावे, छपाईचे लांबलचक काम एका मदतनिसाकडे सोपवावे आणि ताबडतोब परत यावे. असा मदतनीस, म्हणजे बाजूला स्वतंत्रपणे चालणारा आज्ञांचा धागा, बहुतेक आधुनिक भाषांत मिळतो. आज्ञावली लगेच रांगेकडे येते. काकांच्या जादा टिचक्या उचलल्या जातात, बटण बंद दिसते आणि त्या विरून जातात. काम संपले की मदतनीस स्वतः एक टिपण रांगेत टाकतो, ‘छपाई झाली.’ त्या टिपणाचा हँडलर बटण पुन्हा चालू करतो. मदतनिसाने पडद्याला स्वतः हात लावायचा नाही, एवढे पथ्य पाळावे. नाही तर दोघांच्या हातांत एकच खडू आल्यासारखे होते.

येथे आणखी एक धडा आहे. टिचकीनंतर साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात काहीतरी हलले, तर माणसाला उत्तर लगेच मिळाल्यासारखे वाटते. काम पूर्ण व्हायला वेळ लागला तरी हरकत नाही. पोच मात्र लगेच मिळाली पाहिजे.

घाटातला सांधा

एवढे केल्यावर तुमची आज्ञावली निर्दोष झाली का? थांबा. लोणावळ्याहून कर्जतला जाणाऱ्या गाडीत बसा आणि खिडकीतून बाहेर पाहा.

बोरघाटातून आगगाडी १८६३ मध्ये सुरू झाली. हा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका कडक आहे. लोणावळा सोडून खाली उतरताना गाडी मंकी हिलसारख्या ठिकाणी उभी राहते. तेथे उतारूंसाठी ना गाव ना बाजार, मग ती थांबते कशाला? पुढे रुळांना एक फाटा फुटलेला असतो. तो डोंगराच्या अंगावर, चढावर जाऊन संपतो. याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा एरवी या फाट्याकडेच लावलेला असतो. ब्रेक निकामी होऊन गाडी सुसाट आली, तर ती मुख्य मार्गाने खाली न जाता या चढावर जाते आणि तिचा वेग मोडतो. गाडी सिग्नलपुढे नीट उभी राहिली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झाले. मगच सांधा मुख्य मार्गाला लावून सिग्नल देतात.

या व्यवस्थेतले तत्त्व नीट ध्यानात घ्या. कोणी काहीच केले नाही, कोणी विसरले, काही बिघडले, तरी सांधा सुरक्षित बाजूलाच आहे. धोक्याची वाट मागून घ्यावी लागते.

रेल्वेच्या पुष्कळ स्थानकांत आज मार्ग लावण्याचे काम पॅनेलवरच्या कळांनी किंवा पडद्यावर माउसने होते. तेथेही टिचकी हा केवळ अर्ज असतो. अनेक पॅनेलांवर सिग्नलची कळ आणि मार्गाची कळ अशा दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. म्हणजे चुकून कोपर लागले तर काही होत नाही. आणि त्या दाबल्यावरही ‘इंटरलॉकिंग’ नावाची स्वतंत्र व्यवस्था तपासते : रुळांवर दुसरी गाडी नाही ना? सांधे पक्के बसले आहेत ना? आडवा येणारा मार्ग दुसऱ्या कोणाला दिलेला नाही ना? सर्व उत्तरे बरोबर आली, तरच सिग्नल मिळतो. स्टेशन मास्तरांनी शंभर वेळा कळ दाबली, तरी चुकीचा मार्ग मिळत नाही.

हेच तत्त्व चिक्कीच्या बिलाला लावा. प्रत्येक बिलाला क्रमांक द्या. छापण्यापूर्वी, माल वजा करण्यापूर्वी, ‘या क्रमांकाचे बिल आधी झाले आहे का?’ असे हिशेबाच्या वहीलाच विचारा. झाले असेल, तर पुन्हा करू नका. मग माउस झिजलेला असो, काका घाईत असोत, की बटण बंद करायला तुम्ही विसरलेले असा, बिल एकदाच होईल. बटण बंद करणे ही दारावरची कडी. बिलाचा क्रमांक हे तिजोरीचे कुलूप.

आठ सेकंद

चिक्कीच्या बिलासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला ‘थेरॅक-२५’ या यंत्राची हकिगत सांगा.

कर्करोगावर किरणांचे उपचार करणारे हे यंत्र संगणकाच्या आज्ञावलीवर चाले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा येथे त्यातून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणे दिली गेली. त्यांपैकी काही जण दगावले. टेक्सासमधील टायलर या गावी १९८६ मध्ये काय झाले पाहा. यंत्र चालवणाऱ्या व्यक्तीने इलेक्ट्रॉनऐवजी क्ष-किरणांचे अक्षर टंकले. चूक लगेच लक्षात आली आणि तिने भराभर कळा दाबून ती दुरुस्तही केली. पडद्यावर दुरुस्ती दिसली. पण त्याच वेळी आज्ञावलीचा एक भाग यंत्रातील चुंबके जागेवर आणण्यात गुंतला होता. त्याला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्या अवधीत झालेल्या दुरुस्तीची दखल तो नीट घेत नव्हता. पडदा एक सांगत होता आणि यंत्र दुसरेच करत होते.

येथे माउस नव्हता, कळफलक होता. पण दोष आपल्या ओळखीचा आहे. एका कामात गुंतलेली आज्ञावली माणसाची नवी घटना वेळेवर पाहू शकली नाही. आणि तिला अडवणारे दुसरे कोणी नव्हते. याआधीच्या नमुन्यात चुकीची किरणे रोखणारी स्वतंत्र कुलुपे होती. नव्या यंत्रात आज्ञावलीवर विश्वास टाकून ती काढून टाकली होती. घाटातली कॅच सायडिंग काढून टाकावी, तसेच हे झाले.

तुम्ही आज चिक्कीची बिले लिहाल. उद्या तुमच्यापैकी कोणी रुग्णालयातील यंत्राचे, धरणाच्या दरवाजाचे किंवा रेल्वेच्या सांध्याचे बटण लिहील. बटण तसेच दिसेल आणि त्यामागच्या चार ओळीही त्याच असतील.

करून पाहा

पायथॉन भाषेबरोबर ‘टीके-इंटर’ नावाचा बटणे आणि खिडक्या करण्याचा संच बहुधा मिळतोच. त्यात एक खिडकी आणि एक बटण करा. हँडलरमध्ये आज्ञावलीला आठ सेकंद झोपवा आणि मग ‘बिल’ हा शब्द छापा. आता भराभर तीन टिचक्या मारा आणि किती बिले येतात ते मोजा. खिडकी सरकवण्याचाही प्रयत्न करा. नंतर वर सांगितलेले उपाय एकेक करून लावा आणि प्रत्येक वेळी मोजणी वहीत लिहा. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून घेताना ‘किती बिले येतील?’ याचा अंदाज मुलांकडून आधी लिहून घ्यावा.

आणि पुढच्या वेळी घाटात गाडी थांबली, तर कंटाळू नका. तिने अर्ज केला आहे. त्याची तपासणी चालू आहे.